दुसरा दांडा

दिवाळीचा पाडवा साडेतीन मुहूर्तांत मोडतो आणि त्या दिवशी दाराशी आलेली गाडी लाभते, असा आपल्याकडे जुना समज आहे. त्या समजाशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते गेल्या काही वर्षांत आमच्या नाशकात या मुहूर्तावर जी गाडी दाराशी येऊ लागली आहे तिच्या मालकाशी. या गृहस्थांकडे एक गाडी अगोदरच असते. कचेरीला, बाजाराला, सासुरवाडीला ती पुरते. परंतु रविवारी निसर्गात जायला ती पुरत नाही, असा साक्षात्कार त्यांना एखाद्या संध्याकाळी जाहिरात पाहता पाहता होतो. जाहिरातीत एक दाढीवाला तरुण नदी, वाळू आणि खडक यांतून गाडी घालीत असतो. रस्ता संपतो तिथे खरा प्रवास सुरू होतो, असे कोणीतरी जाड आवाजात सांगते. आणि आमचे गृहस्थ सात वर्षांच्या हप्त्यांवर चारही चाकांना ओढ असलेली नवी कोरी गाडी नोंदवून येतात. पाडव्याला तिला झेंडूचा हार पडतो, चाकाखाली लिंबू चिरडले जाते, पेढे वाटले जातात. पुढची दोन वर्षे ती कॉलेज रोडवर आइस्क्रीम खायला जाते. तिसऱ्या वर्षी ती डोंगरावर जाते, आणि ती न जाती तर बरे झाले असते.

मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना तो वेळेवर येईल. अशी दुसरी गाडी नवी घेणे हा निव्वळ उधळेपणा आहे; आणि घेऊन ती रस्ता सोडून माळावर घालणे ही, गाडी नवी असो की जुनी, शुद्ध दांडगाई आहे. ज्याला मुलाबाळांसह डोंगरात हिंडण्याची खरी आवड आहे आणि घरातली गाडी त्यासाठी अपुरी पडते, त्याने जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी पारखून घ्यावी आणि ती वाईट रस्त्यावर चालवावी. वाईट रस्त्यावर म्हणतो मी. रस्ता नसलेल्या जागी म्हणत नाही. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हाती साधी सायकल देतानासुद्धा मी विचार करीन.

हे बोलण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. पदवी म्हणाल तर मी दहावीपलीकडे गेलेलो नाही. शाळेत चित्रकला शिकवतो आणि रात्री जागून कादंबऱ्या लिहितो. परंतु गेले चार पावसाळे मी अशी एक गाडी वापरतो आहे. घरात पहिली एक लहान मोटार आहे, ती पत्नीच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या सोयीची. दुसरी ही. २०१२ सालची, पांढरी, फोर-व्हील ड्राइव्ह बोलेरो. चार लाखांच्या आत आली. शिक्षकांच्या खोलीत तिला ‘तहसीलदार’ म्हणतात, कारण या राज्यात पांढरी बोलेरो दिसली की आत साहेब असणार हे लोकांनी धरलेलेच असते. या थट्टेला एक दुसरी बाजू आहे. हरसूलच्या पुढे एका वळणावर डोक्यावर मोळ्या घेतलेल्या चार बाया समोरून येत होत्या. गाडी पाहताच त्या रस्ता सोडून खाली झुडपांत उतरल्या. गाडी सरकारी असावी अशी त्यांची समजूत. मी काच खाली करून हाक मारली, तेव्हा त्यांतली एक म्हणाली, “मास्तर व्हय? आमाला वाटलं सायेब.” आपण ज्याला सहल म्हणतो ती दुसऱ्याच्या दारातून चाललेली असते, एवढे त्या वळणावर मला नीट समजले, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही बरेचसे तेच आहे.

नाशिककराने तरी या गाडीबद्दल अडाणी राहू नये. ती आमच्या गावची लेक आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्रांचा कारखाना आहे. बोलेरो, स्कॉर्पिओ आणि अलीकडची थार तिथल्याच. इंजिनांचा कारखाना वर इगतपुरीला. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे बाप पाळीवरून थेट पालकसभेला येतात. या सगळ्या गाड्यांची मूळ आजी म्हणजे जीप. तिचा जन्म लढाईतला. १९४० साली अमेरिकन सैन्याला टेहळणीसाठी एक हलकी, दणकट, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. बॅंटम नावाच्या एका लहानशा कंपनीने पहिला नमुना करून दिला. कामाचा मोठा वाटा मात्र विलीज आणि फोर्ड या बड्यांनी उचलला, आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर पडल्या. इकडे १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ नावाची पोलादाचा व्यापार करणारी पेढी निघाली. फाळणी झाली, त्यांतले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली पेढीच्या नावातले मोहम्मद जाऊन तिथे दुसरे महिंद्र आले. त्याआधीच, १९४७ साली, या पेढीने मुंबईत विलीज जीप जोडायला आरंभ केला होता. पुढे मामलेदार, पाटबंधारे खात्याचे ओव्हरसियर, देवी-डॉक्टर, निवडणुकीतले पुढारी, असे सगळे तिच्यातून गावोगाव फिरले. हे सांगायचे कारण एवढेच की या गाडीचे कुळ कष्टकऱ्याचे आहे. तिला छंदासाठी ठेवू नये असे मी म्हणत नाही. मीही छंदासाठीच ठेवली आहे. पण तिची किंमत पोशाखी करून टाकली, आणि मग तिला पोशाखी माणसे मिळाली, हे काही बरे झाले नाही.

आता त्या दुसऱ्या दांड्याविषयी. जुन्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये गिअरच्या नेहमीच्या दांड्याशेजारी एक छोटा दांडा असतो. (नव्या गाड्यांत त्याच्या जागी कुठे कुठे बटण आले आहे.) गिअरपेटीच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची आणखी एक पेटी असते, तिचा हा दांडा. एरवी इंजिनाची ओढ मागच्या दोन चाकांना. दांडा सरकवला की ती पुढच्यांनाही मिळते. आणखी सरकवला की वेग अगदी उतरतो आणि जोर वाढतो, बैलाने मान खाली घालून चढ काढावा तशी गाडी चढते. एवढेच त्याचे काम. परंतु मालकांच्या तोंडून ऐकाल तर वाटेल की हा दांडा म्हणजे परीस आहे. कोरड्या डांबरावर तो टाकायचाच नसतो, हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नसते. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा पडतो. चिखलात चाक थोडे घसरते आणि ती तफावत मिटते. डांबरावर घसरायला वाव नसतो, म्हणून सगळा पीळ आसांत आणि दातेरी चाकांत साठत जातो आणि एके दिवशी हजारोंचे बिल होऊन बाहेर पडतो.

दुसरा भ्रम याहून घातक आहे. चार चाकांना ओढ आहे म्हणून गाडी लवकर थांबेल, असे मानणारी शिकली-सवरली माणसे मी पाहिली आहेत. अहो, ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांचे असतात! कसाऱ्याच्या ओल्या उतारावर तुमची पंधरा-वीस लाखांची फोर-बाय-फोर आणि शेजारची साधी मोटार यांना थांबवणारी गोष्ट एकच, टायरची नक्षी. तुमची गाडी जड, म्हणून तुम्हालाच अधिक सांभाळायचे. आणि चार चाकांची गाडी फसत नाही असेही नाही. खड्ड्यात तिची पुढची डावी आणि मागची उजवी चाके अधांतरी झाली की साध्या डिफरन्शियलची गाडी सगळी ताकद त्या अधांतरी चाकांवर उधळते आणि जागच्या जागी गुरगुरत राहते. फरक इतकाच, की साधी गाडी गावाजवळ फसते आणि ही गावापासून चार मैल आत, जिथे ओढायला ट्रॅक्टर येत नाही.

पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूला ज्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या माणसे वाहत आल्या, त्यांतल्या बहुतेक दोन चाकांच्या ओढीच्या. बाजारच्या दिवशी आत बारा, मागे लोंबकळणारे चार, टपावर कोंबड्यांची डालगी आणि तांदळाचे पोते, अशा थाटात त्या घाट चढतात. त्या गर्दीचे मी समर्थन करीत नाही. पण त्या चालकाला रस्ता पाठ असतो आणि कुठे थांबायचे ते कळते. आमच्या नव्या मालकांना थांबण्याचीच लाज वाटते.

आणि इथे मी मुद्द्यावर येतो. उन्हाळ्याअखेर ऊर्ध्व वैतरणा धरणाच्या काठी जाऊन पाहा. पाणी ओसरले की गाळाची जमीन उघडी पडते. नाशिकच्या आणि मुंबईच्या गाड्यांना ती मैदान वाटते. रविवारी तिथे गोल गोल फेऱ्या चालतात, चिखल उडवला जातो, त्याची चित्रे काढली जातात. प्रत्यक्षात त्या गाळावर काठची माणसे गाळपेर करतात. आणि टिटवी उघड्या जमिनीवर चार खडे मांडून, त्यांतच खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते. टायरखाली काय गेले हे चालकाला कळतसुद्धा नाही. पावसाळ्यात तीच मंडळी त्र्यंबक-घोटीकडच्या माळांवर येतात. या माळांवर मातीचा थर किती? कुठे वीतभर, कुठे चार बोटे, खाली सलग कातळ. त्या चार बोटांच्या मातीत पावसाळ्यापुरते उगवून, फुलून, बी टाकून मरायचे, असे तिथल्या वनस्पतींचे आयुष्य. सीतेची आसवे आणि गेंद यांचे निळे-पांढरे गालिचे पाहायलाच तर तुम्ही आलेले असता! अंजनेरीच्या माथ्यावर कंदीलपुष्पाची एक जात आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला नावच अंजनेरीचे दिले, इतकी ती तिथली. अशा जमिनीवर चिखलात चाक फिरले की दोन चर पडतात. पुढच्या सरीत ते चर म्हणजे दोन ओहोळ होतात. इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस म्हणजे आमच्या शहरातली रिपरिप नव्हे. तो त्या ओहोळांतून माती धुऊन नेतो आणि खालचा कातळ उघडा पाडतो. ती माती साठायला किती पिढ्या गेल्या असतील याचा हिशेब करायला कोणी गाडी थांबवीत नाही.

अंजनेरीच्या माथ्यापर्यंत मोटाररस्ता नेण्याची योजना काही वर्षांपूर्वी पुढे आली, तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींनी तिला कडाडून विरोध केला. फार उत्तम झाले. गिधाडांच्या कड्यांवर मोटारी नेण्याचे काही कारण नव्हते. त्या विरोधात हिरिरीने बोलणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. सरकारने रस्ता केला तर डोंगर मरतो, असे ते तेव्हा म्हणत होते. गेल्या भाद्रपदात त्यांनी मला स्वतःच्या गाडीचे छायाचित्र अभिमानाने दाखवले: माळाच्या मधोमध गाडी, चारी बाजूंना फुले, आणि मागे दूरपर्यंत गेलेल्या चाकोऱ्या. मी म्हणालो, “हा रस्ता कोणत्या खात्याने केला?” त्यांनी छायाचित्र खिशात घातले.

त्यांच्या बाजूने नेहमी तीन उत्तरे येतात. पहिले, एका गाडीने काय होते? एका गाडीने वाट दिसते. दुसरी त्या वाटेने जाते. पन्नासावी आली की पहिल्या चाकोरीत डबके झालेले असते आणि ती डबके चुकवून शेजारून नवी चाकोरी पाडते. माळ असाच रुंद रुंद होत नासतो. दुसरे, आम्ही कचरा करीत नाही, प्लास्टिकची पिशवी परत आणतो. आणता खरे, पण चाकाला लागून आलेली माती सोमवारी गंगापूर रोडवर धुऊन टाकता. तिसरे उत्तर सर्वांत धीट: जागा कोणाचीच नाही. या उत्तराने माझे डोके फिरते. महाराष्ट्रात कोणाचीच नसलेली जागा मला अजून सापडलेली नाही. वनखात्याची असते, गायरान असते, नाहीतर कोणातरी कोकण्याची, महादेव कोळ्याची, ठाकराची वरकस जमीन असते. तुम्हाला जो रिकामा उतार दिसतो त्यावर त्याने नागली आणि वरई लावलेली असते, आणि ज्या ‘छोट्या उंचवट्यावरून’ गाडी उडवली तो त्याच्या भातखाचराचा बांध असतो. आवणीच्या दिवसांत बांध फुटला की खाचरातले पाणी जाते, आणि पाणी गेले की रोप बसते. भरपाई मागायला तो तुमच्यामागे धावत नाही. गाडी मोठी असते, आत माणसे शहरी असतात, आणि त्याला आतापर्यंतच्या अनुभवाने आवाज चढवायची सवय उरलेली नसते.

काजव्यांचे तर विचारूच नका. मे महिना संपताना अहिल्यानगर जिल्ह्यातल्या भंडारदऱ्याच्या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांची झाडेच्या झाडे लकाकतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा भाग. काजव्याचा उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद. मंद, ठरावीक अंतराने. तिला अंधार लागतो. आम्ही शेकडो गाड्यांचे प्रखर दिवे घेऊन ती साद पाहायला जातो! काजव्याच्या अळ्या पालापाचोळ्यात नि मातीत वाढतात. त्यावर गाड्या लावतो. वन्यजीव विभागाला त्या दिवसांत गाड्यांवर निर्बंध घालावे लागतात, आणि निर्बंधाच्या दोरीपलीकडे आपली फोर-बाय-फोर जाऊ शकते हे दाखवण्यात काही जणांना पुरुषार्थ वाटतो.

इथवर वाचून एखादा पायी हिंडणारा खूष झाला असेल. त्याला वाटेल, मास्तर आपल्या बाजूचा. गाडीच नको म्हणतो. तसे नाही. त्या मंडळींचा सोवळेपणाही मला मान्य नाही. धडधाकट माणसाने एस्टीने जावे आणि पुढे चालावे हे बोलायला सोपे. माझ्या आईचे गुडघे आणि माझ्या धाकट्या मुलीचे सात वर्षांचे पाय त्या हिशेबात बसत नाहीत. पावसाळ्यात पाड्यांकडे जाणारे मुरुमाचे रस्ते वाहून जातात, फरशीवर दगडगोटे येतात, तांबड्या मातीचा चढ लोण्यासारखा होतो. अशा रस्त्यावर लहान मोटारीचे पोट घासते. ती गाडी अडकली की मागचे दूधवाले, शाळेचे शिक्षक, सगळे खोळंबतात. तिथे हा दुसरा दांडा उपयोगी आहे, आणि तिथेच तो टाकायचा. पाऊल-पाऊल चढायचे, पाण्याच्या लोंढ्यात मात्र घालायची नाही. फरशीवरून पाणी वाहत असेल तर दांडा एक असो की चार, गाडी मागे फिरवायची.

एवढ्या कामाला नवी गाडी कशाला? नवी गाडी घेणारा पहिला ओरखडा पडेपर्यंत डोंगराला घाबरतो आणि पहिला ओरखडा पडला की पैसे वसूल करायला डोंगरावर तुटून पडतो. मधली अवस्था मी पाहिली नाही. जुनीला ओरखडे आधीच आहेत. तिच्या किमतीची मोठी घसरण पहिल्या धन्याने सोसलेली आहे. आणि एक गंमत अशी की अशा गाड्यांचे पहिले धनी बहुधा शहरीच, त्यामुळे इंजिन जरी पुष्कळ चाललेले असले तरी दुसरा दांडा जवळजवळ कोरा सापडतो. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकांनी तो नऊ वर्षांत कधी हलवला नव्हता. त्यामुळेच तो जाम झाला होता. घोटीच्या एका मेस्त्रीने तेल बदलून, दोन दिवस खपून तो सोडवला. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी तो मातीच्या मैदानात टाकून पाहतो. वापरला नाही तर तो आखडतो, माणसासारखाच.

घ्यायची कशी, हेही सांगतो, कारण फसवणारे पुष्कळ आहेत. गाडी पाहायला जाताना जुने धोतर किंवा पोते न्यावे आणि सरळ तिच्याखाली झोपावे. विकणाऱ्याचे बोलणे वर उभ्याने ऐकू येते, खरे काय ते खाली दिसते. चासीवर गंज किती, कुठे नवे वेल्डिंग झाले आहे, नव्या काळ्या रंगाखाली काही झाकले आहे का, ते बघावे. समुद्रकाठची गाडी असली तर दुप्पट बघावे. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचे तेल काढून पाहावे. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर गाडी पाण्यात बुडालेली आहे, घरी जावे. मोकळ्या मातीत दांडा दोन्ही जागी टाकून पुढची चाके खरोखर ओढतात का ते बाहेर उभे राहून पाहावे, कारण ‘फोर-बाय-फोर’ अशी पाटी मागे लावायला शंभर रुपये पुरतात. चासीवर ठोकलेला क्रमांक नोंदणीपुस्तकातल्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर जुळवावा. उत्तरेत, हरियाणातल्या मंडी डबवालीत, जुन्या सुट्या भागांतून जीपगाड्या बांधण्याचा मोठा बाजार आहे. त्या दिसायला देखण्या असतात, पण गाडी एकीची आणि कागद दुसरीचे असा प्रकार निघाला तर तुम्ही गाडीऐवजी खटला विकत घेतलेला असतो. रुंद टायर, उंच केलेली गाडी, कापलेले छप्पर यांना भुलू नये. कारखान्याने दिलेली मूळ ठेवण बदलता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात आहे आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बजावले. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना २०१८च्या आदेशाने रस्ते बंद झाले आणि तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. पुढे त्या आदेशात फेरफार झाले, तरी तिकडची गाडी दिसेलच. तिचा ना-हरकत दाखला हाती येईपर्यंत एक रुपयाही देऊ नये.

कागदांचा कंटाळा करणारे आपण लोक. नमुना २९ आणि ३०वर सह्या झाल्या की झाले, असे समजून पेढा खातो. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. जोवर नोंद बदलत नाही तोवर अपघाताची जबाबदारी नोंदीतल्या मालकाची, हे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. म्हणून विकणाऱ्यानेही झोपू नये. बँकेचा बोजा असेल तर नमुना ३५ घेऊन तो उतरवून घ्यावा, विमा आपल्या नावावर करावा, जुनी ई-चलाने विकणाऱ्याकडून भरून घ्यावीत. गाडीला पंधरा वर्षे भरली की तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी नवी करावी लागते. २०२२पासून त्याची फी पाच हजार झाली, शिवाय राज्याचा हरित कर. हे सगळे किमतीत धरूनच भाव ठरवावा.

घरच्या बायकांनी एक गोष्ट हट्टाने पाहावी. जुन्या जीपगाड्यांत मागे समोरासमोर दोन आडवी बाके असतात. मुले त्यांवरच बसायला धावतात. तिथे मुलांना बसवू नका. ब्रेक लागला की आडवे बसलेले मूल कशालाही धरू शकत नाही. माझ्या गाडीत पुढे तोंड केलेल्या जागा पाच आहेत, मागची आडवी बाके मी काढून ठेवली आहेत, आणि पट्टा बांधल्याशिवाय किल्ली फिरत नाही असा घरचा कायदा आहे. २०१९ साली सगळ्या नव्या मोटारींना चाके न अडकणारे ब्रेक आणि चालकापुढे हवेची पिशवी सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त गाड्यांत यांतले बहुधा काहीच नसते. माझ्याही नाही. म्हणून ती साठच्या वर जात नाही. ज्याला ऐंशी-शंभरने पळवायची आहे त्याने जुनीच्या वाटेला जाऊ नये, आणि खरे म्हणजे डोंगराच्याही.

एक शेवटचा वाद उरला. आमच्या शाळेतले एक सहकारी म्हणतात, मास्तर, तुमच्या अटी ऐकल्या तर वर्षातून दहा दिवस सुद्धा तो दांडा वापरात येणार नाही. मग घ्यायचीच कशाला? त्यांचे म्हणणे खरे आहे. दहा दिवस पुष्कळ झाले. माझ्या गाडीत गेल्या पावसाळ्यात तो सहा वेळा पडला. त्यांतल्या चार वेळा आम्ही सहलीला निघालो होतो. पाचव्या वेळी दुधाची पिकअप खेचायची होती. सहाव्या वेळी एका पाड्यावरून तापाने फणफणलेल्या पोराला आणि त्याच्या आईला हरसूलच्या दवाखान्यात पोचवायचे होते. तिला रस्ता इतका ठाऊक होता की कोणत्या वळणावर दांडा टाकायचा तेही मला तिनेच सांगितले. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांवरून पावसाळ्यात आजाऱ्यांना आणि अडलेल्या बायकांना डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, याच्या बातम्या आपण नाशिककर दर साली वाचतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर धावते, पण ती डांबरापर्यंत. जो दांडा तिच्यात हवा तो सातपूरला तयार होतो, पेठेपासून पन्नासएक किलोमीटरवर, आणि तिथून निघून कॉलेज रोडला आइस्क्रीम खायला येतो. आपले आमदार, जिल्हा परिषदेचे सभासद, गाड्या नटवून ध्वजा लावून रविवारी डोंगरात निघणारे हौशी संघ, यांनी एकदा या हिशेबाला बसावे. संघांना तर मी जाहीर सांगतो: तुमच्याकडे गाड्या आहेत, दोर आहेत, चिखलाची हौस आहे. आषाढापासून भाद्रपदापर्यंत पाळ्या लावा, आरोग्य केंद्रांना आपले दूरध्वनी क्रमांक देऊन ठेवा. चिखल हवा तेवढा मिळेल, आणि तोही रस्त्यावरचा.